वरच्यांची फरशी

बाथरूमच्या छताकडे माणसाचं लक्ष फार उशिरा जातं. आंघोळ करताना डोळे मिटलेले असतात, दाढी करताना ते आरशात असतात आणि उरलेला वेळ बाहेरून कोणीतरी दार वाजवत असतं. त्यामुळे पहिला पोपडा रुपयाच्या नाण्याएवढा असतो तेव्हा तो कोणाच्या खिजगणतीतही नसतो. मग तो बशीएवढा होतो, त्याच्या कडा खाली वळतात आणि एके सकाळी त्याचा तुकडा भरलेल्या बादलीत पडतो, तेव्हा घरातल्या सगळ्यांच्या माना एकदम वर होतात. यानंतर मराठी मध्यमवर्गीय घरात जे वाक्य उच्चारलं जातं तेही ठरलेलं आहे: ‘यंदा रंगाऱ्याला बोलवायलाच हवं.’ या वाक्यात क्रियापद तेवढं बरोबर आहे. बोलवायला कोणाला तरी हवंच. फक्त रंगाऱ्याला नव्हे. छताला पोपडे सुटतात ते बहुतेक वेळा पाण्यामुळे, आणि छतातलं पाणी बहुतेक वेळा वरच्या मजल्यावरचं असतं. म्हणजे खरा इलाज एक जिना चढून बेल वाजवण्यात आहे. ती बेल वाजवायची नसते म्हणून आपण छत रंगवतो. वरच्यांशी बोलणं टाळण्याचा महाराष्ट्रात इतका रूढ झालेला दुसरा मार्ग माझ्या पाहण्यात नाही, आणि त्यावर दर दोन-तीन वर्षांनी पैसे खर्च करूनही आपण त्याला ‘घराची निगा’ म्हणतो, हे आणखी विशेष.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. कोकणातल्या घराची न्हाणी मागच्या अंगाला असायची; वर कौलं, खाली दगड आणि सांडपाणी जायचं ते अळवाला नाहीतर केळीला. न्हाणीत कितीही पाणी सांडलं तरी त्याबद्दल तक्रार करायला खाली कोणी नव्हतं आणि वर असलेच तर वानर होते. मग आपण मुंबईत आलो. चाळीत संडास मजल्याच्या टोकाला सामायिक राहिला, पण मोरी खोलीत आली आणि तिच्याबरोबर खालच्या खोलीतली ओलही. पुढे महाराष्ट्रात 1963 साली मालकी हक्काच्या फ्लॅटचा कायदा झाला आणि माणूस हवेतल्या जागेचा मालक होऊ लागला. चार भिंती माझ्या, दार माझं, दारावरची पाटी माझी. डोक्यावर काय आहे, याचा विचार करारावर सही करताना कोणी करत नाही. तिथे असतो एक स्लॅब. त्याची खालची बाजू आपलं छत आणि वरची बाजू वरच्यांची फरशी. मधल्या काही इंचांच्या काँक्रीटमध्ये दोन कुटुंबं इतकी जवळ येतात की सोयरिकीतही तेवढी येत नसतील, आणि तरीही एकमेकांची ओळख लिफ्टमध्ये ‘काय, आज लवकर?’ इतपतच असते.

या स्लॅबचं अंतरंग एकदा समजून घ्यायला हवं, कारण सगळी भांडणं तिथे मुरलेली असतात. आपल्याकडच्या बऱ्याच इमारतींमध्ये बाथरूमचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा खाली सोडलेला असतो. त्या खड्ड्यात वॉटरप्रूफिंग करायचं, पाइप टाकायचे, नहाणी ट्रॅप बसवायचा, विटांच्या तुकड्यांनी भराव करायचा आणि वर फरशी लावायची, असा शिरस्ता. फरशा स्वतः पाणी सोडत नाहीत, पण त्यांच्यामधले सांधे सोडतात. त्या सांध्यांत भरलेलं व्हाइट सिमेंट वर्षानुवर्षांच्या अ‍ॅसिडने आणि खराट्याने झिजून जातं. ट्रॅपच्या कडेची भेग रुंदावते. आणि रोजच्या आंघोळीतलं थोडं थोडं पाणी खालच्या भरावात उतरू लागतं. खाली वॉटरप्रूफिंग शाबूत असेल तोवर हे पाणी तिथेच साठून राहतं. विटांचा तो भराव पाकातल्या गुलाबजामासारखा टम्म भिजतो. मग वॉटरप्रूफिंगला कुठेतरी एक केसाएवढी चीर जाते आणि खालच्यांच्या छतावर पहिला डाग उमटतो. हे पाणी जिथे शिरतं तिथेच खाली उतरेल असंही नाही. ते उताराने, पाइपाच्या कडेकडेने, सळईच्या बाजूने फिरतं आणि भलतीकडेच प्रकट होतं. गळती कोपऱ्यात, डाग मधोमध. त्यामुळे ‘तुमचा नळ डाव्या बाजूला आहे आणि आमची ओल उजव्या बाजूला’ या मुद्द्यावर सोसायट्यांत जी तासन्‌तास चर्चा होते, तिचा पाण्याच्या वागणुकीशी काडीचाही संबंध नसतो.

वरच्यांचा सर्वांत मजबूत बचाव याच भरावातून येतो. ‘आम्ही चार दिवस गावाला होतो, घराचा मेन कॉक बंद होता, तरी तुमचं छत ओलंच होतं ना? मग आमचं पाणी कसं?’ वरवर पाहता हा युक्तिवाद कोर्टात टिकेल असा आहे. पण भरावात साठलेलं पाणी नळ बंद करून थांबत नाही; ते आठवडेच्या आठवडे निवांत झिरपत राहतं. म्हणजे वरच्यांच्या गैरहजेरीतलं गळणं हा त्यांच्या निर्दोषपणाचा पुरावा नसून उलट भराव पुरता भिजल्याची खूण असू शकते. हे त्यांना सांगायला जावं, तर ते ‘आमच्याकडे तर सगळं कोरडं आहे हो, येऊन बघा की’ म्हणतात. तेही खोटं बोलत नसतात. त्यांच्याकडे कोरडंच असतं. गुरुत्वाकर्षण त्यांच्या बाजूने असतं. वर एक बोचरा प्रश्नही येतो: ‘आधी राहत होते त्यांनी कधी तक्रार केली नाही, तुम्हालाच कसं दिसतं?’ आधीच्यांनी घर विकण्यापूर्वी छताला ताजा रंग दिला होता, हे त्याचं उत्तर. पण ते देण्यात अर्थ नसतो, कारण आपणही उद्या तेच करणार असतो.

याचा निकाल लावणारी चाचणी अस्तित्वात आहे आणि ती शाळकरी पोरालाही समजेल इतकी सोपी आहे. वरच्या बाथरूममधल्या ट्रॅपला बोळा मारायचा, फरशीवर दोन-तीन इंच पाणी भरायचं, शक्य असेल तर त्यात थोडा रंग मिसळायचा आणि 48 तास वाट पाहायची. खालचा डाग वाढला किंवा रंगीत झाला तर फरशी दोषी. फरशी सुटली तर मग पाइपांची तपासणी. इंजिनिअर याला पाँडिंग टेस्ट म्हणतात. अडचण तंत्राची नाही. दोन दिवस दुसऱ्या कुटुंबाला आंघोळीवाचून ठेवण्याची विनंती कोणत्या तोंडाने करायची, ही आहे. दिवाळीचा फराळ द्यायला वर गेलेला माणूस ती विनंती मनात घेऊन जातो आणि चकल्या छान झाल्याचं ऐकून परत येतो.

म्हणून अखेर रंगारी येतो. त्याचा बिचाऱ्याचा यात काही दोष नाही. या नाटकातलं सर्वांत प्रामाणिक पात्र तोच. तो घोड्यावर चढतो, डोक्याला रुमाल बांधतो, पत्र्याने छत खरवडू लागतो आणि खाली पडणाऱ्या पोपड्यांतून घराचा इतिहास उलगडतो. एखादा जाड पोपडा उचलून त्याची कड निरखावी: सर्वांत खाली चुना, त्यावर फिकट निळा डिस्टेंपर, मग कोणाच्या तरी लग्नाच्या वेळचा पिस्ता ऑइल पेंट, त्यावर मळकट लांबीचा थर आणि सर्वांत वर मागच्या खेपेचा पांढरा इमल्शन, जो पन्नास टक्के सवलतीत मिळाला होता. एवढी माणसं आली, एवढे हात मारून गेली आणि सगळ्यांचा हिशोब एका पोपड्यात जमा झाला. रंगारी ओल्या प्लास्टरवर पंजा टेकवतो आणि म्हणतो, ‘साहेब, ओल आहे. मारून देतो, पण गॅरंटी नाही.’ या कामातलं सर्वांत शास्त्रशुद्ध निदान तीन सेकंदांत आणि फुकट मिळालेलं असतं. पण आपण विचारतो, ‘दोन हातांचे किती घेणार?’ रंगावरची आपली श्रद्धा जुनी आहे. आर. के. लक्ष्मण यांनी 1954 साली एशियन पेंट्ससाठी काढलेला गट्टू हातात ब्रश आणि डबा घेऊन अवतरला आणि पिढ्यान्‌पिढ्या भिंतींवरून मिस्कीलपणे हसत राहिला. त्या पोराच्या हातात पान्हा असता तर कदाचित आपले संस्कार वेगळे झाले असते.

रंग का टिकत नाही, याचं कारण साधं आहे: तो चुकीच्या बाजूला लावलेला असतो. पाणी वरून येतं आणि आपण बांध घालतो तो त्याच्या वाटेच्या शेवटी. झिरपणारं पाणी काँक्रीट आणि प्लास्टरमधले क्षार विरघळवून बरोबर आणतं, पृष्ठभागाशी येऊन सुकतं आणि क्षार तिथेच ठेवून जातं. हा लोणा रंगाच्या थराला आतून ढकलतो. फुगा येतो, फुटतो, पोपडा सुटतो. ऑइल पेंट लावला तर आणखी मजा, कारण त्यातून ओल बाहेर पडू शकत नाही. ती मागे साठते आणि पोपडे भाकरीएवढे निघतात. पीओपीने छत गुळगुळीत करून घेणाऱ्यांचा तर सत्कारच करायला हवा. जिप्सम ओलीत मऊ पडतं हे पुठ्ठ्याच्या पाकिटावर लिहिलेलं नसलं तरी कारागिराला ठाऊक असतं. इथवर नुकसान फक्त पैशांचं आणि दिसण्याचं. पण डाग तपकिरी होऊ लागला की विनोद संपतो. काँक्रीट अल्कधर्मी असतं, तोवर त्यातली सळई गंजत नाही. वर्षानुवर्षांची ओल आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड मिळून ते संरक्षण काढून घेतात. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि स्लॅबच्या सळईखाली काँक्रीटचं आवरण असतं साधारण 20 मिलिमीटरचं. ते तडकतं आणि ढलप्याच्या रूपाने खाली येतं. तेव्हा तो तुकडा बादलीत पडेलच अशी खात्री कोणी द्यावी? अशा छतावर पांढऱ्या रंगाचे दोन हात मारणं म्हणजे इशारा देणाऱ्या माणसाच्या तोंडावर हात ठेवणं, आणि त्या हाताचे पैसे मोजणं.

यावर कोणी म्हणेल, ‘सगळं वरच्यांवर ढकलू नका. आमच्याच गिझरची वाफ छताला लागते, त्याचं काय?’ आक्षेप रास्त आहे आणि माझ्या सिद्धांताला खरोखर अडचणीचा आहे. वाफेनेही पोपडे येतात. पण ती वेगळी दिसते. वाफेची ओल छतभर पसरते, थंडीत वाढते, काळे-हिरवे बुरशीचे ठिपके घेऊन येते आणि वरच्यांच्या वेळापत्रकाशी तिचं काही देणंघेणं नसतं. शंका असेल तर छताचा एक हातभर तुकडा पुसून कोरडा करावा, त्यावर पारदर्शक प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवावं आणि एक-दोन दिवसांनी पाहावं. थेंब प्लास्टिकच्या आपल्या बाजूला असतील तर दोष आपल्या आंघोळीचा. प्लास्टिकच्या मागे असतील तर वरच्यांच्या. या चाचणीसाठी कोणाची परवानगी लागत नाही, म्हणूनच ती कोणी करत नसावं. वाफच निघाली, तर बाथरूमची खिडकी बघावी. ती वाफ बाहेर जावी म्हणूनच ठेवलेली असते आणि कबुतरं येऊ नयेत म्हणून आपण तिच्या काचांवर पुठ्ठा ठोकलेला असतो. पुठ्ठा काढून जाळी लावली, एक्झॉस्ट फॅन आंघोळीनंतरही थोडा वेळ चालू ठेवला, बुरशी ब्लीचच्या पाण्याने धुतली आणि मग बुरशीरोधक रंग दिला, तर इथे रंगारी खरोखर उपयोगी पडतो. गंमत अशी की, नेमक्या याच घरात ‘वरच्यांना काही शिस्तच नाही’ हे वाक्य सर्वांत ठासून ऐकू येतं.

दुसरा आक्षेप सोसायटीच्या नावाने येतो. ‘मेंटेनन्स कशासाठी भरतो? सोसायटीने करून द्यावं.’ सहकारी गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी याबाबतीत बऱ्यापैकी स्पष्ट आहेत. गच्चीतून झिरपणारं पावसाचं पाणी आणि त्यामुळे सर्वांत वरच्या मजल्यावरच्या छताचं झालेलं नुकसान सोसायटीने बघायचं; बाहेरच्या सामायिक पाइपांची गळतीही तिचीच. संडास, सिंक वगैरेंमुळे होणाऱ्या आतल्या गळतीचा खर्च मात्र संबंधित फ्लॅटधारकांनी सोसायटीच्या समन्वयाने करायचा. ‘समन्वय’ याचा व्यवहारातला अर्थ असा की, कमिटी दोघांनाही एकाच मजकुराचं पत्र पाठवते आणि पुढच्या सभेत विषय ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी’ येतो. नव्या इमारतीत राहणाऱ्यांकडे अजून एक हत्यार आहे: 2016 च्या रेरा कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांच्या आत बांधकामातला दोष लेखी कळवला तर बिल्डरने तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. या पाच वर्षांत लोक काय करतात? इंटिरिअर करतात. फॉल्स सीलिंग लावतात. पीव्हीसीच्या पट्ट्यांचं चकचकीत छत वर बसलं की ओल दिसेनाशी होते, पोपडे त्याच्यावर गुपचूप पडत राहतात आणि सळई आपल्या गतीने गंजत राहते. खालून इंजेक्शनने केमिकल भरून घेणारेही आहेत. त्याने चीर बुजते खरी, पण वर पाणी असेल तोवर ते शेजारची चीर शोधणारच.

तिसरा आक्षेप वरच्यांचा आहे आणि तोच मला सर्वांत वजनदार वाटतो. गळती आमची, मान्य. पण त्रास किती! सगळी फरशी उखडायची, भराव काढून राडारोडा गोणीत भरून खाली न्यायचा (लिफ्टमधून नेऊ देणार नाहीत), नवं वॉटरप्रूफिंग, पाण्याची पुन्हा चाचणी, मग टाइल्स. त्या डिझाइनच्या टाइल्स दुकानातून कधीच हद्दपार झालेल्या असतात, म्हणजे भिंतीच्याही बदलाव्या लागणार. आणि हे सगळं खालच्यांच्या छतावरच्या एका डागासाठी, जो वरच्यांना स्वतःला कधी दिसतही नाही. नियमाने खर्च त्यांचा असला तरी माणुसकीने हा हिशोब एकतर्फी आहे, आणि इथे खालच्याने थोडं पुढे यायला हवं. पैशांचं राहू द्या. ‘काम चालू आहे तोवर सगळ्यांनी आमच्याकडे आंघोळीला या’ एवढं म्हटलं तरी सोसायटीच्या तीन पत्रांचं काम होतं. शेजारी डोक्याला टॉवेल गुंडाळून आपल्या बाथरूममध्ये उभा राहिला की त्याची नजर आपोआप वर जाते आणि आपल्या फरशीची खालची बाजू त्याला पहिल्यांदाच दिसते. शिवाय दर वेळी एवढा घाट घालावा लागतोच असं नाही. बऱ्याचदा सांधे खरवडून इपॉक्सी ग्राउट भरलं, ट्रॅपची कड नीट बुजवली, कमोडच्या बुडाचा जोड बदलला एवढ्यावर भागतं. काम दोन दिवसांचं असतं. ते दोन दिवस ठरवायला मात्र सहा वर्षं जातात आणि तेवढ्यात खाली तीनदा रंग होतो.

पाणी थांबल्यावर रंगाऱ्याला जरूर बोलवा, पण लगेच नको. स्लॅब सुकायला वेळ लागतो आणि पावसाळ्यात तर तो नावालाही सुकत नाही. दसरा-दिवाळीपूर्वी उरकून घेण्याची घाई इथे सोडायला हवी. मग छत हातोडीने टकटक वाजवून बघायचं. पोकळ आवाज येईल तेवढं प्लास्टर काढायचंच. ‘राहू द्या, धरून आहे’ असं म्हणायचं नाही. उघडी पडलेली सळई ब्रशने घासून, गंजरोधक लावून, पॉलिमर मॉर्टरने भरून घ्यायची. नवं प्लास्टर मुरलं की सिमेंटची पुट्टी, प्रायमर आणि शेवटी इमल्शनचे तेच दोन हात. इमारत 30 वर्षांपुढची असेल आणि डाग तपकिरी असेल तर त्याआधी स्ट्रक्चरल ऑडिट झालंय का, हे कमिटीला लेखी विचारा. आणि आज रात्री आपल्या स्वतःच्या बाथरूममधल्या नहाणी ट्रॅपभोवतीचे सांधे बॅटरी लावून जरा बघा. तळमजल्यावर राहत नसाल तर कोणाचे तरी वरचे तुम्हीही आहात, आणि खालच्यांनी गेल्या वर्षी रंग काढला होता.